अदमास

तावोंगानं काल रात्रीच रक्त शिजवलं.
मक्याच्या पिठाची पातळ पेज, लाल सरबताची अख्खी बाटली,
गुठळ्यांसाठी जेलीची दोन पाकिटं,
आणि फारच उजळ दिसतंय म्हणून शेवटी चमचाभर कोको.
नर्सेसच्या स्वयंपाकघरात मांजर आलं,
पातेलं हुंगून परत गेलं.

सकाळी प्रसूतीवॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात
सरोवराकडून सुकत्या मासळीचा वास,
आणि ओळीनं मांडलेलं आमचं अज्ञान.
थोडं पॅडवर. थोडं चिटेंजेच्या निळ्या-काळ्या नक्षीवर.
थोडं बादलीत, पाणी मिसळून.
थोडं नुसतंच फरशीवर,
उतार शोधत खाटेखाली गेलेलं.

लिहा, म्हणाली. किती गेलं अंगावर?
शेजारणीच्या कागदात डोकावायचं नाही.

आम्ही बारा जणी पेन्सिली चावत फिरलो,
रुखवत बघायला आल्यासारख्या.

फरशीवरचं मी लिहिलं तीनशे.
ओतलेलं होतं साडेसातशे.
चिटेंजेवरचं कुणालाच जमलं नाही.
गडद कापड पितं आणि बोलत नाही.
बादलीतलं मात्र सगळ्यांनी दुप्पट लिहिलं;
लाल झालेल्या पाण्याला माणूस जास्त घाबरतो.

तेवढ्यात झिओने आली, दोरीवरच्या चादरी काढायला.
बघून कमरेवर हात ठेवले तिनं :
हे कोण धुणार?
रक्ताचा डाग थंड पाण्यानं जातो, बायांनो.
सरबताचा जात नाही.

हसलो. मग एलेस्टिनाचा कागद निघाला.
एकवीस वर्षं नोकरी. या किनाऱ्यावरची अर्धी पोरं तिच्या हातात पडलेली.
प्रत्येक मांडणीपुढे तोच आकडा :
चारशे पन्नास. चारशे पन्नास. चारशे पन्नास.

दिसलं नाही तुला?
दिसलं.
मग?

तिनं चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.
पाचशे लिहिलं की फोन करावा लागतो.
फोन केला की ते म्हणतात, गाडी आहे, डिझेल नाही.
किंवा डिझेल आहे, ड्रायव्हर अंत्ययात्रेला गेलाय.
चारशे पन्नासवर बाई अजून
माझ्याच्यानं बरी होण्यासारखी असते.

तावोंगा रागावेल असं वाटलं.
ती पळी धूत राहिली, बराच वेळ,
एका पळीला लागतो त्याहून बराच जास्त.
मग म्हणाली, माझ्या जुन्या रजिस्टरात एक तीनशे आहे.
अक्षर सुंदर आहे माझं. अजून वाचता येतं.

दुपारी तिनं रेघा आखलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दाखवल्या.
बाळ आलं की खाली सरकवायची,
मग नजरेला काम नाही, आशेलाही नाही.
सहाच होत्या. दोन आम्हाला मिळाल्या.

गुरुवारी रात्रपाळी. मी आणि एलेस्टिना.
लुसुंगूचं दुसरं बाळंतपण. बाळ रडलं, वार पडली,
बाहेर सासूनं आनंदाची आरोळी ठोकली.
आणि पिशवीत ते चढत राहिलं, आवाज न करता,
एक रेघ, मग पुढची.
पोटावर माझा हात, गोळा सापडेना,
मी रगडतेय, सुई दिलेली, पुन्हा रगडतेय.
एलेस्टिना कंदिलासारखा टॉर्च धरून
पिशवीपाशी वाकली, आणि लहान मुलासारखं
मोठ्यानं वाचलं : सहाशे.
कुणाला ऐकवलं कुणास ठाऊक.
मग फोनकडे गेली.

गाडी पहाटे आली. तोवर
हाताखाली गोळा घट्ट झाला होता, पेरूसारखा.
ड्रायव्हरनं चहा मागितला.
एलेस्टिनानं दिला, आणि त्याला सांगितलं
की थांब, अजून थोडा वेळ थांब.

सहाला झिओने चादरी घेऊन गेली.
सातला लुसुंगूनं डोळे उघडून
भूक लागली म्हटलं, पेज आहे का?

होती. मक्याची, पातळ, वाफाळती.
मी वाटी भरली,
वाटीत न बघता.